नकाशातील चूक सांगायची कोणी?

शिरूरहून दौंडला माल पाठवायचा असला की दोन वाटा समोर येतात. न्हावऱ्यापर्यंत रस्ता एकच. तेथून एक वाट पारगावला भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याला सोलापूर रस्त्यास मिळते आणि पाटसवरून दौंडात जाते. दुसरी वाट इनामगावकडून घोड नदी ओलांडून काष्टीला निघते आणि काष्टीहून भीमा ओलांडून दौंडात शिरते. नकाशावर पट्टी ठेवली तर शिरूर आणि दौंड यांच्यातील सरळ अंतर साधारण ४५ किलोमीटर भरते. पण टेम्पोला पंख नसतात. कोठे पूल आहे, कोठे नुसता बंधारा आहे, कोठे रेल्वेची मोरी आहे आणि तिच्यातून भरलेली गाडी निघते की नाही, यावर भाडे, डिझेल आणि वेळ ठरत असतो.

पूर्वी हे ज्ञान जुन्या ड्रायव्हरच्या डोक्यात असे. आता ते मोबाईलमधील नकाशात असेल असे आपण गृहीत धरतो. नकाशाने गाडी आडवाटेला नेऊन सोडली की आपण नकाशाला चार शब्द सुनावतो, गाडी मागे वळवतो आणि विसरून जातो. चूक मात्र तेथेच राहते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एखाद्या बांधवाची गाडी त्याच बंधाऱ्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

आज या पानावर आम्ही अशा नकाशांविषयी लिहीत आहोत, ज्यांतील चूक वापरणारा माणूस स्वतः दुरुस्त करू शकतो. ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या कशा निघतात, त्या आपण केव्हा घ्याव्यात, आणि तक्रार कशी मांडली म्हणजे ती ऐकली जाते, हे समजून घेतले तर आपल्या बाजारातील लहान दुकानदार, गॅरेजवाले, वेल्डिंगवाले, गादी कारखानदार आणि टेम्पोचालक यांचा रोजच्या धंद्यात फायदा आहे.

खतावणी वेगळी, मुनीम वेगळा

मोबाईलवर नकाशा उघडला की आपल्याला एकच वस्तू दिसते. प्रत्यक्षात त्या दोन असतात. एक म्हणजे माहिती: रस्ते, पूल, गावांची नावे, दुकाने, मशिदी, शाळा, दवाखाने. दुसरी म्हणजे ती माहिती पडद्यावर दाखवणारा आणि रस्ता शोधून देणारा प्रोग्रॅम. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर पहिली खतावणी आहे आणि दुसरा ती वाचणारा मुनीम. खतावणीत रक्कमच चुकीची लिहिली असेल तर मुनीम कितीही हुशार असो, उत्तर चुकणार. आणि खतावणी बरोबर असून मुनीम ती नीट वाचत नसेल तर दोष मुनिमाचा. चूक कोणाची हे ओळखता आले म्हणजे तक्रार योग्य दारी जाते.

या खतावणीचे नाव आहे 'ओपनस्ट्रीटमॅप'. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने ती सुरू केली. त्या वेळी तेथे सरकारी नकाशांची माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत. लोकांनी आपापल्या गल्लीची माहिती स्वतः गोळा करून एका जागी ठेवली तर कोणालाच पैसे मोजावे लागणार नाहीत, असा त्यामागील विचार होता. २००६ मध्ये या कामासाठी एक बिगर-नफा संस्था स्थापन झाली. आज जगभरातून १ कोटीहून अधिक लोकांनी तेथे नाव नोंदवले आहे.

ही माहिती कोणीही वापरावी, छापावी, तिच्यावर धंदाही करावा. २०१२ पासून लागू असलेल्या परवान्याच्या मुख्य अटी दोनच आहेत. माहिती कोठून घेतली ते लिहावे. आणि तिच्यात सुधारणा करून ती लोकांपुढे ठेवली तर ती सुधारणाही इतरांना त्याच अटींवर खुली ठेवावी. मालपोहोचीचा प्रचंड व्यवसाय करणाऱ्या ॲमेझॉनसारख्या कंपन्याही हा नकाशा वापरतात आणि त्यात भर घालतात.

मुनीम मात्र अनेक आहेत. मोबाईलसाठी 'ऑस्मअँड' हा प्रोग्रॅम २०१० पासून आणि 'ऑरगॅनिक मॅप्स' हा २०२१ पासून उपलब्ध आहे. नकाशा एकदा उतरवून घेतला की दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात. घोड आणि भीमेच्या काठच्या गावांत जेथे मोबाईलची रेंज जाते-येते, तेथे ही सोय मोठीच म्हणावी लागेल. संगणकासाठी 'क्यूजीआयएस' हा प्रोग्रॅम आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ साली तो सुरू केला. सरकारी खाती, विद्यापीठे आणि अभियंते तो वापरतात आणि त्यासाठी परवान्याचे शुल्क पडत नाही.

या सर्वांना मुक्त स्रोत म्हणतात. एखाद्या बेकरीवाल्याने नानकटाई तर द्यावीच, शिवाय तिची कृतीही भिंतीवर लावावी, आणि कोणाला साखर कमी करून बघायची असेल तर त्याला मुभा असावी, तसे हे आहे. प्रोग्रॅम ज्या आज्ञांनी बनला त्या सर्वांना वाचता येतात. आत काय चालले आहे ते तपासता येते, आणि मूळ कारागिरांनी काम सोडले तरी दुसरे कोणी ते पुढे नेऊ शकतात. ऑरगॅनिक मॅप्सचा जन्म असाच झाला. 'मॅप्स.मी' या प्रोग्रॅमचा खुला स्रोत घेऊन त्याच्याच मूळ कारागिरांनी जाहिराती आणि पाळत वगळून तो वेगळा चालवला.

नवी आवृत्ती म्हणजे काय?

अनेकांची समजूत अशी असते की नवी आवृत्ती म्हणजे जुन्यापेक्षा चांगली, म्हणून ती तत्काळ घ्यावी. काहींची याच्या उलट असते: चालत्या गाडीला हात लावू नये. दोन्हींत थोडे तथ्य आहे.

क्यूजीआयएसची रीत समजून घेतली तर हा विषय स्पष्ट होतो. त्याची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी निघते. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असतो आणि एखाद्या गावाचे नावही दिले जाते. ऑक्टोबर २०२४ मधील ३.४० या आवृत्तीचे नाव 'ब्रातिस्लाव्हा' होते. आवृत्ती निघण्याच्या आधी काही आठवडे नव्या सोयी घेणे बंद करतात आणि केवळ दोष शोधून काढण्याचे काम चालते. याशिवाय वर्षातून एक आवृत्ती दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडली जाते. तिच्यात नव्या सोयी येत नाहीत, सापडलेले दोष मात्र दुरुस्त होत राहतात. ही प्रथा २०१५ मधील २.८ या आवृत्तीपासून सुरू झाली.

बेकरीचे उदाहरण पुढे न्यायचे तर नवी आवृत्ती म्हणजे नव्या कृतीचा पहिला घाणा. तो चाखून बघणारी माणसे हवीतच. पण लग्नाच्या ऑर्डरसाठी कोणी पहिला घाणा पाठवीत नाही. ज्याचा रोजचा धंदा या प्रोग्रॅमवर चालतो त्याने दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती वापरावी. ज्याला हौस आहे, हाताशी दुसरा संगणक किंवा जुना मोबाईल आहे, त्याने नवी आवृत्ती तेथे चालवून बघावी आणि काय अडले ते कळवावे.

पहिला आकडा बदलतो तेव्हा विशेष काळजी घ्यावी. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्यूजीआयएसची ३.० ही आवृत्ती आली तेव्हा पाया बदलला होता. जुन्या आवृत्तीसाठी लोकांनी लिहिलेली अनेक पूरक साधने नव्या आवृत्तीत चालेनात. म्हणून जुनी २.१८ ही आवृत्ती पुढे सुमारे वर्षभर सांभाळली गेली आणि लोकांना सवड मिळाली. तिसऱ्या मालिकेतून चौथ्या मालिकेत जातानाही असाच पाया बदलायचा होता. तिची तारीख आधी ऑक्टोबर २०२५ ठरली होती. ती पुढे फेब्रुवारी २०२६ वर नेण्यात आली. आपल्या बाजारात तारीख पुढे गेली की आपण नाराज होतो. येथे मात्र साधने लिहिणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना तयारीला वेळ मिळाला.

मोबाईलच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ऑरगॅनिक मॅप्सच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस असतो, पावाच्या पुडक्यावरील तारखेसारखा. पण प्रोग्रॅम नवा घेतला म्हणजे आत उतरवलेला नकाशाही नवा झाला असे समजू नये. तो वेगळा उतरवावा लागतो. आपण आज ओपनस्ट्रीटमॅपवर पुलाची दुरुस्ती केली तर मूळ माहितीत ती काही मिनिटांत दिसू लागते. मोबाईलमधील उतरवलेल्या नकाशात मात्र पुढचा नकाशा निघेपर्यंत आणि आपण तो घेईपर्यंत येत नाही. "आम्ही दुरुस्त केले तरी काही होत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा येथूनच उद्भवते.

मेकॅनिकला जे सांगता ते येथे सांगा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. असे सॉफ्टवेअर बनवणारे लोक आपल्या गावी आलेले नसतात. त्यांना घोडनदीचा बाजार माहीत नाही, कुरकुंभ मोरी माहीत नाही. पगारी माणसे थोडी, स्वेच्छेने काम करणारी अधिक. आपण सांगितले तरच त्यांना कळणार आहे. पण सांगण्याचीही रीत असते.

गॅरेज चालवणारे आमचे बांधव हे सर्वांत चांगले जाणतात. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "गाडी आवाज करते." मेकॅनिक विचारतो: कोणता आवाज? इंजिन थंड असताना की तापल्यावर? पहिल्या गियरला की चौथ्या? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? कधीपासून? मागच्या वेळी काय बदलले होते? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की बोनेट उघडण्याआधीच निम्मे काम होते. उत्तरे मिळाली नाहीत तर अर्धा दिवस वाया जातो, आणि कधी कधी चांगला पार्टही विनाकारण खोलला जातो.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची स्थिती नेमकी त्या मेकॅनिकसारखी असते. "नकाशा भिकार आहे", "ॲप चालत नाही", "नवीन व्हर्जन बेकार" अशा तक्रारींतून त्यांना काहीच हाती लागत नाही. तक्रार पुढीलप्रमाणे लिहावी:

पहिले, मोबाईल किंवा संगणक कोणता आणि प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती, क्रमांकासह. दुसरे, आपण क्रमाने काय केले. तिसरे, काय झाले. चौथे, काय व्हायला हवे होते. पाचवे, असे प्रत्येक वेळी होते की एखाद्या वेळी. शक्य तर पडद्याचा फोटो जोडावा. जुन्या आवृत्तीत हेच काम नीट होत होते काय, हेही लिहावे, कारण त्यावरून दोष कोणत्या बदलाने आला ते शोधणे सोपे जाते.

एक नमुना देतो. "शिरूरहून दौंडला जाण्यासाठी मोटारीचा रस्ता विचारला. प्रोग्रॅमने नदीवरील बंधाऱ्यावरून रस्ता दाखवला. हा बंधारा अरुंद असून त्यावरून फक्त दुचाकी जाते. पावसाळ्यात पाणी सोडले की तो बुडतो. मोटारीसाठी पुलावरून रस्ता दाखवायला हवा." पाच वाक्यांत सर्व आले.

आता ही तक्रार कोणाकडे द्यायची? बंधारा नकाशात साधा रस्ता म्हणून नोंदलेला असेल तर चूक खतावणीची आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर त्या जागेवर खूण करून टिपण ठेवण्याची सोय २०१३ पासून आहे. दुसरा कोणी जाणकार ते वाचून दुरुस्ती करतो, किंवा खाते उघडून आपण स्वतः करू शकतो. पण बंधाऱ्यावर मोटारीस बंदी अशी नोंद आधीच असून प्रोग्रॅम तरीही तेथून नेत असेल तर चूक मुनिमाची, आणि ती प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना कळवावी. त्यांचा बहुतेक कारभार इंग्रजीत चालतो. घरात किंवा मोहल्ल्यात कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. वडिलांनी मराठीत सांगावे, त्यांनी इंग्रजीत लिहावे. त्यांनाही हा एक चांगला धडा होईल.

आपल्या भागात काय नोंदण्यासारखे आहे?

नावांपासून सुरुवात करू. शिरूर तालुक्यात रांजणगाव दोन आहेत: एक गणपतीचे, जेथे औद्योगिक वसाहत आहे, आणि दुसरे भीमेकाठचे रांजणगाव सांडस. तिसरे रांजणगाव शेणपुंजी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या कारखान्यांलगत आहे. पावतीवर नुसते 'रांजणगाव एमआयडीसी' लिहिले तर बाहेरगावचा ड्रायव्हर कोठे जाईल याची शाश्वती नाही. शिरूरचेही तसेच. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, आणि आपल्या शिरूरला जुने लोक घोडनदी म्हणतात. दौंडला रेल्वेची दोन स्थानके झाली आहेत, दौंड जंक्शन आणि दौंड कॉर्ड लाइन. पाहुणा एका ठिकाणी उतरतो आणि घेणारा दुसऱ्या ठिकाणी थांबतो. २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले, पण जुनी बिले, पाट्या आणि पत्ते अजून फिरत आहेत.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच जागेला मुख्य नाव, दुसरे रूढ नाव, जुने नाव, मराठी नाव, उर्दू नाव अशी स्वतंत्र घरे आहेत. शिरूरसमोर दुसऱ्या नावाच्या घरात 'घोडनदी' असेल तर दोन्ही नावांनी शोधणाऱ्याला एकच गाव सापडते. गल्लीला कागदोपत्री एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरे, हे आपल्याकडे नेहमीचेच. ज्या नावाने गिऱ्हाईक विचारते ते नाव नोंदले गेले पाहिजे.

त्यानंतर रस्ते. पुलाची वजनमर्यादा, मोरीची उंची, रस्त्याची रुंदी, खडी की डांबर, याची नोंद करण्याची सोय आहे. दौंडच्या कुरकुंभ मोरीतून जाणाऱ्या माणसाला उंचीचे महत्त्व सांगायला नको. गुऱ्हाळाचा गूळ, उसाची ट्रॉली, कापसाच्या गाद्यांनी वर रचलेला टेम्पो, लोखंडी गेट आडवे बांधलेली गाडी, या प्रत्येकाला वेगळी वाट लागते. कंपनीचा नकाशा मुख्यतः मोटारीचा विचार करतो. आपला ड्रायव्हर ज्या गोष्टी जाणतो त्या येथे लिहून ठेवता येतात.

आणि शेवटी आपली दुकाने व कारखाने. या नकाशात 'क्राफ्ट' म्हणजे कारागिरी असे स्वतंत्र सदर आहे. लोहार, सुतार, शिंपी, चांभार, लोखंडी जाळ्या-दरवाजे करणारे यांना त्यात जागा आहे. दुकानांच्या सदरात बेकरी, मांसविक्री, फळविक्री, कुलूप-किल्ली, टायर, भंगार हे सर्व येते. आमच्या समाजातील किती व्यवसाय असे आहेत, जे गल्लीच्या आत, पाटीशिवाय, पिढ्यानपिढ्या चालतात. शिकलगार, पिंजारी, मोटार वायंडिंग करणारा, रेडिएटरवाला. जवळचे गिऱ्हाईक विचारत विचारत पोहोचते. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यातील खरेदी अधिकारी मात्र मोबाईलवर जे दिसेल त्यालाच फोन करतो. तेथे आपले नाव नसेल तर काम पुण्याला जाते, आणि आपल्याला कळतही नाही की काम आले होते.

नोंद करणे अवघड नाही. ऑरगॅनिक मॅप्समध्ये नकाशातून बाहेर न जाता जागा जोडता येते, कामाचे तास बदलता येतात. जुम्म्याच्या नमाजासाठी दुकान किती वेळ बंद असते तेही लिहिता येते. 'स्ट्रीटकम्प्लीट' नावाचा अँड्रॉइडवरील प्रोग्रॅम तर सरळ प्रश्न विचारतो: हा रस्ता डांबरी आहे काय? हे दुकान किती वाजता उघडते? उत्तर दिले की नोंद होते.

पत्ताच नसेल तर? गल्लीला नंबर नाही, घराला नंबर नाही, अशा ठिकाणांसाठी टपाल खात्याने २०२५ मध्ये 'डिजिपिन' सुरू केला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या सहकार्याने तो तयार झाला. साऱ्या देशाचे साधारण चार मीटर लांब व चार मीटर रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकाला अक्षरे व आकडे मिळून दहा खुणांचा संकेतांक दिला आहे. त्याचाही स्रोत खुला आहे. दुकानाचा डिजिपिन काढून बिलाच्या माथ्यावर छापला तर माल आणणाऱ्याला थेट दारापर्यंत येता येईल.

ज्यांच्याकडे संगणक आहे अशा वाहतूकदारांनी क्यूजीआयएस शिकण्यासारखा आहे. गिऱ्हाइकांची यादी अक्षांश-रेखांशासह एका तक्त्यात भरली की ती नकाशावर ठिपक्यांच्या रूपाने उमटते. दौंड, केडगाव, यवतकडे मंगळवारी आणि शिक्रापूर, सणसवाडीकडे बुधवारी, अशी फेरी आखताना रिकामे परतणे किती कमी करता येईल ते डोळ्यांनी दिसते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात असे सॉफ्टवेअर घरबसल्या आणि विनामूल्य शिकता येते.

काही सावधगिरीच्या गोष्टी

हा नकाशा परिपूर्ण आहे असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या शहरांच्या मानाने तालुक्याच्या गावांत त्यातील माहिती विरळ असते. रस्त्यावर आत्ता गर्दी किती आहे हे तो सांगत नाही. गिऱ्हाईक बहुधा गूगलचाच नकाशा उघडते, म्हणून तेथेही आपली नोंद अवश्य ठेवावी. पण ध्यानात असू द्या, तेथे आपण घातलेली माहिती आणि फोटो कंपनीच्या वहीत जातात; त्या वहीचे नियम कंपनी ठरवते. खुल्या नकाशात घातलेली माहिती सर्वांची राहते.

गूगलच्या किंवा दुसऱ्या कोणत्या कंपनीच्या नकाशावरून पाहून येथे उतरवू नये. ती दुसऱ्याची मेहनत आहे आणि परवान्यातही ते बसत नाही. स्वतः पाहिलेले, मोजलेले, विचारलेले तेवढेच लिहावे. वजनमापात जी सचोटी आपण पाळतो तीच येथे पाळावी. शेजारच्या दुकानाचे नाव पुसणे, आपले दुकान चौकात सरकवून दाखवणे असले प्रकार करू नयेत. प्रत्येक बदल कोणी आणि केव्हा केला याची नोंद राहते आणि तो परत फिरवता येतो.

घरी बसून शिवणकाम, भरतकाम करणाऱ्या भगिनींचे घर त्यांच्या संमतीशिवाय नकाशावर घालू नये. खासगी फोन नंबर तर मुळीच देऊ नये. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाची ठाणी आहेत. अशा आवारातील आतला तपशील नोंदण्याच्या भानगडीत पडू नये.

नकाशा काढायला सरकारी परवानगी लागते काय, अशी शंका काही जण घेतात. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी पूर्वपरवानगीची अट काढली; संवेदनशील बाबींवरील निर्बंध राहिले. मात्र कॅलेंडरवर किंवा जाहिरातीत साऱ्या देशाचा नकाशा छापायचा असेल तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असल्या पाहिजेत. बाहेरच्या नकाशांत त्या वेगळ्या दाखवलेल्या असू शकतात आणि तसे छापणे कायद्याने गुन्हा ठरतो.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. या नकाशावर कब्रस्तान किंवा दर्ग्याची जागा दिसली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी सातबारा, मिळकत पत्रिका आणि वक्फची नोंद हीच कागदपत्रे लागतात. नकाशावर जागा दाखवल्याने लोकांना वाट सापडते, एवढाच त्याचा उपयोग.

ही रीत आपल्याला नवी नाही

बाराव्या शतकात सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या दरबारी शरीफ अल-इद्रीसी हे मुस्लिम भूगोलतज्ज्ञ होते. पालेर्मो बंदरात देशोदेशीचे व्यापारी आणि खलाशी उतरत. त्यांना बोलावून त्यांनी पाहिलेल्या गावांची, रस्त्यांची, अंतरांची विचारपूस केली जाई. एकाचे म्हणणे दुसऱ्याशी ताडून पाहिले जाई; जे जुळे ते ठेवले जाई, जे जुळत नसे ते बाजूला टाकले जाई. सुमारे पंधरा वर्षांच्या अशा परिश्रमानंतर ११५४ साली जगाचा नकाशा आणि त्याचा ग्रंथ पूर्ण झाला. व्यापारी स्वतः नकाशाकार नव्हते. त्यांनी आपण चाललेली वाट प्रामाणिकपणे सांगितली, आणि त्यांच्या सांगण्यावर तो नकाशा उभा राहिला.

आपल्या देशातील उदाहरण तर कारागिराचे आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मधील. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात हिंदुस्थानची मोजणी चालू असताना कोन मोजणारी मोठी यंत्रे नादुरुस्त होत. ती दुरुस्त करणाऱ्यांत अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन यांचे नाव अग्रभागी आहे. इंग्रजी शिक्षण नसताना केवळ हाताच्या कसबावर ते पुढे सर्वेक्षण विभागाचे यंत्रनिर्माते झाले. यंत्रात दोष कोठे आहे हे अचूक ओळखणारा माणूस त्या कामात मोलाचा ठरला.

आमची सूचना साधी आहे. शिरूर आणि दौंडच्या प्रत्येक बाजारातील दोन-तीन तरुणांनी एखादी सुट्टी या कामाला द्यावी. गल्लीतून चालत जावे, दुकानदाराला विचारून नाव, काम आणि वेळ लिहावी, मोरीची उंची टेपने मोजावी, बंधाऱ्यावरून काय जाते ते पाहावे आणि नोंद करावी. ड्रायव्हर बांधवांनी रस्ता चुकला की रागाच्या भरात फोन बाजूला न ठेवता जागा, तारीख आणि चूक एका वहीत लिहावी; संध्याकाळी ती मुलांच्या हाती द्यावी. नवी आवृत्ती आली की कामाच्या मोबाईलवर थोडे थांबावे, जुन्या मोबाईलवर लगेच चालवून पाहावी आणि अडले तेथे मेकॅनिकला सांगावे तसे नीट सांगावे.

पुढच्या पावसाळ्यात भीमेला पाणी सुटेल तेव्हा न्हावऱ्याच्या फाट्यावर एखादा परगावचा टेम्पोवाला मोबाईल काढून रस्ता विचारेल. आपण सांगून ठेवले असेल तर इन्शाअल्लाह तो पुलाकडेच वळेल.